कापडाखाली दोऱ्याचा गुंता पुन्हा पुन्हा होतोय? बॉबिनच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे बघा

वरून टीप अगदी सरळ, देखणी. कापड उलटून बघावं तर खाली दोऱ्याचा पुंजका. तो कातरीनं कापायचा, खालच्या दोऱ्याची ती छोटी रीळ, म्हणजे बॉबिन, काढून परत बसवायची, चार इंच टीप नीट येते आणि पुन्हा तेच. घरात शिलाई मशीन असलेल्या प्रत्येकीनं हे कधी ना कधी भोगलंय. मी गेली कित्येक वर्षं घरीच ब्लाउज, परकर, गोधड्या शिवते. शेजारपाजारच्या बायका मशीनची जी तक्रार घेऊन येतात, ती निम्म्याहून जास्त वेळा हीच असते. आणि प्रत्येक जण हात घालते ते नेमकं चुकीच्या जागी, बॉबिन ज्या डबीत बसते त्या बॉबिन केसच्या बारीक स्क्रूला.

माझंही तेच झालं होतं. आईची काळी पायमशीन माझ्याकडे आली तेव्हा खाली गुंता व्हायचा. एका दुरुस्तीवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी केसचा स्क्रू आवळला, थोडं तेल सोडलं, दोन टिपा मारून दाखवल्या, पैसे घेतले. आठ दिवसांत गुंता परत. दुसऱ्या खेपेला स्क्रू आणखी आवळला. तिसऱ्यांदा खालचा दोरा तुटायला लागला, म्हणजे मूळ दुखणं तसंच आणि वर एक नवीन दुखणं. जूनमधली गोष्ट, शाळेच्या गणवेशांची घाई होती, आणि तीन आठवडे माझं काम अडलं. शेवटी मी स्वतःच बसले आणि एकेक गोष्ट तपासत गेले. दोष वरच्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये होता, म्हणजे ज्यांच्या मधून जाताना वरच्या दोऱ्याला ताण मिळतो त्या चकत्यांमध्ये. दोऱ्याचा कीस दाबला जाऊन तिथं नमद्यासारखी घडी बसली होती, त्यामुळे चकत्या दोऱ्याला धरतच नव्हत्या.

गुंता खाली दिसतो म्हणून आपण खाली शोधतो. पण खाली गोळा होणारा दोरा बहुतेक वेळा वरचा असतो. टाका कसा पडतो ते एकदा नीट बघितलं की हे डोक्यात पक्कं बसतं. सुईजवळची, बॉबिनवर झाकण असलेली सरकपट्टी उघडा आणि वरचं चाक हातानं हळूहळू आपल्याकडे फिरवा. सुई दोरा घेऊन खाली जाते, तळाला पोचते आणि जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर येते. तेवढ्यात सुईच्या मागे दोऱ्याचा एक इवलासा फुगवटा तयार होतो. बॉबिन केसच्या भोवती हलणाऱ्या चंद्रकोरीसारख्या भागाचं, म्हणजे शटलचं, टोक तो फुगवटा पकडतं आणि अख्ख्या बॉबिन केसच्या भोवती फिरवून आणतं. म्हणजे एका टाक्यासाठी वरचा भरपूर दोरा खाली जातो, आणि टाक्यात लागतो त्यातला थोडासाच. उरलेला दोरा परत वर ओढून घ्यायचं काम मशीनच्या तोंडाशी सुईबरोबर वरखाली होणारी ती भोकाची पट्टी करते. आता वर दोऱ्याला ताणच नसेल, किंवा दोरा त्या पट्टीच्या भोकातून निसटला असेल, तर खाली गेलेला दोरा परत येणार कसा? तो तिथंच साठतो. तोच आपला गुंता.

म्हणून पहिलं काम, मशीनमधला वरचा दोरा पूर्ण काढून टाका आणि नव्यानं ओवा. ओवताना कापड दाबून धरणारा फूट वर उचललेला हवा. फूट वर असतो तेव्हा टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्या मधोमध जाऊन बसतो. फूट खाली ठेवून ओवला तर दोरा चकत्यांच्या कडेवरच राहतो. वरून बघताना सगळं बरोबर वाटतं, पण ताण शून्य. चकत्यांतून निघालेला दोरा बाजूच्या बारीक तारेच्या स्प्रिंगमध्ये अडकलाय ना, मग वरखाली होणाऱ्या पट्टीच्या भोकातून गेलाय ना, आणि सुईच्या जरा वर असलेल्या आकड्यात बसलाय ना, हे बोटानं चाचपून बघा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, काळ्या मशीनवर काळा दोरा असला की डोळे फसतात.

आता एक परीक्षा. मला सगळ्यात उपयोगी पडलेली हीच. फूट वर ठेवून सुईजवळचा दोरा ओढा, तो सरसर यायला हवा. मग फूट खाली टाका आणि पुन्हा ओढा. आता दोरा अडला पाहिजे, इतका की जोर दिला तर सुई किंचित वाकताना दिसेल. दोन्ही वेळा दोरा सारखाच सैल येत असेल तर चोर सापडला. एक तर दोरा चकत्यांत बसलेला नाही, नाही तर चकत्यांत कचरा आहे. तलम मलमलीची अर्ध्या बोटाएवढी रुंद पट्टी घ्या, तिला जरा स्पिरिट लावा, फूट वर उचला आणि दात घासायच्या दोऱ्यासारखी ती पट्टी चकत्यांमधून मागेपुढे ओढा. माझ्या मशीनमधून राखाडी रंगाची एक चिवट वळी निघाली, त्यात आईच्या काळातला लाल दोऱ्याचा तुकडाही होता. तेवढं निघालं आणि टीप बदलली.

याहून साधी चूक म्हणजे फूट खाली करायलाच विसरणं. गोधडी, जीन्स, पिशवीचं जाड कापड घेतलं की कापडामुळे फूट टेकल्यासारखा वाटतो, पण मागची दांडी वरच असते. चकत्या उघड्या, ताण नाही, दोन टाक्यांत खाली गोळा.

टीप सुरू करतानाच गुंता होत असेल आणि पुढे नीट चालत असेल, तर मशीनचा दोष नाही. वरचा आणि खालचा दोरा दोन्ही फुटाखालून मागे घ्या, चारेक बोटं लांब ठेवा आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत बोटांनी धरून ठेवा. भोकाची पट्टी अगदी वर असतानाच सुरुवात करा आणि टीप संपवतानाही ती वर आणूनच कापड काढा. पायमशीन नव्यानं शिकणाऱ्या मुलींना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. चाक उलटं फिरलं की दोरा हमखास गुंततो किंवा तुटतो. चाक कायम आपल्याकडे फिरलं पाहिजे. आधी हातानं चाकाला आपल्या दिशेनं ओढ द्या, मगच पायडल दाबा. माझ्या भाचीला पहिला आठवडा मी सुईत दोरा न घालता, वर्तमानपत्राच्या रेघांवर नुसतं पायडल मारायला लावलं होतं. कागदामुळे सुई बोथट होते, म्हणून त्यासाठी जुनी सुई लावली. तिचा पाय आठवड्याभरात स्थिर झाला.

वरचं सगळं बरोबर असेल तरच खाली या

बॉबिन केस काढा. केसला बाहेरून जी पातळ पत्र्याची स्प्रिंग असते, तिच्याखाली बघा. कापडाचा एखादा धागा किंवा किसाची बारीक रेघ तिथं अडकलेली असते, आणि तेवढ्यानं स्प्रिंग उचललेली राहते. मग खालचा ताण कधी आहे, कधी नाही, असं होतं. जाड कागदाचा कोपरा स्प्रिंगखालून सरकवला की तो कचरा बाहेर येतो. टोकदार सुईनं कोरू नका, पत्र्यावर ओरखडा आला की दोरा कायमचा तिथं अडायला लागतो. बॉबिन केसमध्ये घालताना दोरा खाचेत शिरून उलटा मागे वळला पाहिजे. सरळ सरळ निघत असेल तर बॉबिन उलटी बसली आहे. बॉबिन वाकलेली, गंजलेली किंवा दुसऱ्याच मापाची असेल तर ती फेकून द्या. चांगल्या बॉबिन फार महाग नसतात, आणि एका वाकड्या बॉबिनपायी मी अख्खी दुपार घालवलेली आहे.

ताण किती हवा हे बघायला केसमधला दोरा धरून केस हवेत लोंबकळत ठेवा. ती आपोआप खाली घसरत गेली तर ताण कमी. मनगटाला हलका झटका दिल्यावर दोन-तीन बोटं खाली उतरून थांबली तर बरोबर. झटका देऊनही हलली नाही तर स्क्रू फार आवळलेला आहे. यापैकी काही चुकत असेल तरच स्क्रूला हात लावा. आधी त्याची खाच कुठल्या दिशेला आहे ते नेलपॉलिशच्या ठिपक्यानं खूण करून ठेवा, मग एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा. खाली ताट ठेवा, कारण हा स्क्रू निसटून फरशीवर पडला तर सापडत नाही.

आता दोन रंगांची परीक्षा घ्या. वर लाल दोरा, खाली पांढरा, दोन्ही एकाच जाडीचे. सुती कापडाची दुहेरी घडी घेऊन तिरक्या धाग्यावर वीतभर टीप मारा. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचा ताण कमी आहे. वरच्या बाजूला पांढरे दिसले तर वरचा ताण जास्त आहे किंवा खालचा कमी. दोन्हीकडे आपापलाच रंग दिसला म्हणजे गाठ कापडाच्या पोटात पडतेय, ती तिथंच पडायला हवी. मग टिपेची दोन टोकं धरून झटकन ताणा. जो दोरा आधी तुटेल तो जास्त घट्ट आहे. दोन्ही बरोबर तुटले तर ताण जुळलाय.

सुई

टाका सुटत असेल, म्हणजे टीप चालताना मध्येच एक लांब टाका पडून त्याखाली काहीच अडकत नसेल, तर पहिला संशय सुईवर घ्या. सुई वाकलीय का हे नुसतं बघून कळत नाही. तिची चपटी बाजू आरशावर टेकवा आणि सुई व काच यांच्यामधली फट बघा. टोकापर्यंत फट सारखी हवी. बोथट सुई कापडात शिरताना टक् टक् असा आवाज करते, आणि तो एकदा ओळखला की विसरत नाही. सात-आठ तास सलग शिवणकाम झालं की मी सुई बदलते, मोडायची वाट बघत नाही.

दुकानात सुई मागताना नुसतं “मशीनची सुई द्या” म्हणू नका. घरगुती मशीनच्या सुईची मान एका बाजूनं चपटी असते, कारखान्यातल्या वेगवान मशीनची मान पूर्ण गोल असते. गोल मानेची सुई घरच्या मशीनमध्ये घुसते, पण नीट उभी राहत नाही आणि शटल तिचा दोरा पकडत नाही. बसवताना जुनी सुई काढण्याआधीच चपटी बाजू कुठं आहे ते बघून ठेवा. विसरलात तर सुईवर नख फिरवा. ज्या बाजूला लांब खाच लागेल, त्याच बाजूनं दोरा ओवायचा आणि चपटी बाजू तिच्या विरुद्ध. सुई वरपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा. दोन मिलिमीटर खाली राहिली तरी तो फुगवटा शटलच्या टोकाला सापडत नाही.

नंबरांचं म्हणाल तर रेशीम आणि तलम कापडाला 11, खणाच्या चोळीला आणि रोजच्या सुतीला 14, गोधडी आणि जीन्सला 16 किंवा 18. पाकिटावर 90/14 असं लिहिलेलं असतं, त्यातला 90 म्हणजे सुईची जाडी 0.90 मिलिमीटर. लेगिंग किंवा टीशर्टचं ताणणारं कापड असेल तर गोल टोकाची सुई मागा, साध्या सुईनं त्यावर टाके सुटणारच. दोराही तपासा. कपाटात वर्षानुवर्षं पडलेलं सुती रीळ दोन हातांनी ओढलं की कागदासारखं तुटतं. असला दोरा मशीनमध्ये घालून मशीनला बोल लावण्यात अर्थ नाही.

शटल, दाते आणि तेल

महिन्यातून एकदा सुईखालची प्लेट काढा. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधल्या फटींत किसाचा असा घट्ट थर असतो की तो सबंध पट्टी होऊन निघतो. तो काढला नाही तर दाते पुरेसे वर येत नाहीत, कापड पुढे सरकत नाही आणि एकाच जागी टाक्यांचा ढीग होतो. तोंडानं फुंकू नका, कचरा आत जातो आणि फुंकरीची वाफ लोखंडाला लागते. जुना दात घासायचा ब्रश चांगला. मग शटल काढा. काही मशीनमध्ये दोन कड्या बाजूला वळवल्या की वरचं कडं सुटतं, काहींत स्क्रू असतात. आतली चंद्रकोरीसारखी शटल हातात घेऊन तिच्या टोकावरून जुना नायलॉनचा मोजा हलकेच फिरवा. मोजा अडकला तर टोकावर कुस, म्हणजे बारीक खरखरीत काटा, आहे, तीच दोरा चिरते. एकदम बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं ती घासून काढता येते, पण टोक आखूड होऊ देऊ नका. प्लेटच्या भोकाची कडही अशीच तपासा, सुई आपटून आपटून तिथं चरे पडतात.

तेलाबद्दल मी जरा कळकळीनं सांगते. मशीनला खोबरेल घालू नका. आपल्याकडे घरोघरी हीच सवय आहे, कारण ते हाताशी असतं. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या सकाळी मशीन जड लागते ती यामुळेच. शिवाय ते कीस आणि धूळ धरून ठेवतं. गोडेतेलाचा तर चिकट थर वाळून बसतो. मशीनचं पातळ, पाण्यासारखं तेल वेगळं मिळतं, तेच घ्या. वरच्या प्रत्येक भोकात एक थेंब, डाव्या तोंडाची पट्टी उघडून आतल्या दांड्यांना एकेक, मशीन मागे कलंडवून खालच्या सांध्यांना, आणि शटल ज्या खोबणीत फिरते तिथं एक थेंब. टेन्शनच्या चकत्यांना तेल अजिबात नको. नंतर चिंधी घेऊन त्यावर हातभर टीप मारा, म्हणजे वाढीव तेल चिंधीवर उतरेल.

आधीच खोबरेल घालून मशीन जाम झाली असेल तर सांध्यांना थेंब थेंब रॉकेल घाला, चाक हातानं फिरवत राहा, काळं पाणी पुसत जा, आणि ते वाळल्यावर नीट तेल द्या. हे काम खिडक्या उघड्या ठेवून, गॅस आणि देवाजवळचा दिवा विझवून करा. मोटर बसवलेली असेल तर प्लग आधी काढा.

जड चालणारी मशीन खरंच आतून जड आहे का, हे कळायला खालचं मोठं चाक आणि वरचं चाक जोडणारी वादी, म्हणजे पट्टा, काढून वरचं चाक हातानं फिरवा. चाक हलकं फिरलं तर दोष खाली पायडलमध्ये आहे. पायडलच्या दोन्ही टोकांना आणि मोठ्या चाकाच्या आसावर दोरे, डोक्याचे केस गुंडाळलेले सापडतील. वरच्या चाकाच्या मागेही बघा, रिळावरून घसरलेला दोरा तिथं वळसे घेऊन बसतो. कातडी वादी सैल होऊन चाकावर घसरत असेल तर बोटाच्या पेराएवढी कापून तारेच्या आकड्यानं परत जोडा, पण फार ताणू नका, ताणलेल्या वादीनंही मशीन जड होते. आणि बॉबिन भरून झाल्यावर चाक फिरतंय पण सुई हलत नाही असं झालं, तर चाकाच्या मधलं बटण आवळायचं राहिलंय. आवळूनही हलत नसेल तर बटणाखालची तीन कानांची चकती उलटी बसलीय, काढून अर्धा फेरा वळवून बसवा.

कोकणातल्या पावसाळ्यात मशीन बंद ठेवली की गंज धरतो. मशीनवर प्लास्टिक टाकू नका, आत ओल कोंडते. जाड सुती कापड टाका आणि शिवायचं काही नसलं तरी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालवा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं तेव्हा मावशीची मशीन पूर्ण पाण्याखाली गेली. गाळ आत वाळू देऊ नये एवढंच मला सुचलं. मोटर सोडवून बाजूला ठेवली, ती नंतर जाणकाराकडे दिली. मशीन साध्या स्वच्छ पाण्यानं धुतली, फडक्यानं टिपली, पंख्याखाली वाळवली, मग दोन दिवस रॉकेल आणि तेल आळीपाळीनं. लाकडी टेबल फुगून गेलं, पण मशीन आजही टीप घालते.

इतकं करूनही टाका सुटतच असेल, सुई नवी असेल, ओवणं बरोबर असेल आणि शटलचं टोक दोऱ्याच्या फुगवट्याला न पकडताच पुढे जाताना दिसत असेल, तर सुईची दांडी जागची सरकली आहे. जाड शिवणीवर सुई जोरात आपटून मोडली की असं होतं. हे काम दुरुस्तीवाल्याचं. दांडीचा स्क्रू स्वतः सैल करू नका, एकदा जागा चुकली की परत जुळवणं अवघड जातं. त्यांना “दोरा गुंततो” एवढंच सांगू नका. लाल-पांढऱ्या दोऱ्याची ती वीतभर टीप त्यांच्या हातात द्या, सुईचं पाकीट दाखवा, आणि केसच्या स्क्रूवर तुम्ही केलेली नेलपॉलिशची खूण दाखवून तो तसाच ठेवायला सांगा.